कणखर नायिका कशी लिहावी: निर्णय, किंमत आणि क्रियापदं

नायिका कणखर करायची असं ठरवलं की पहिल्या खर्ड्यात बहुतेक वेळा दोन गोष्टी घडतात. तिच्या हातात शस्त्र येतं, नाहीतर तिच्या तोंडी टाळ्या घेणारी वाक्यं येतात. ही दोन्ही काढून टाका आणि उरलेली कथा वाचा. कथानक तसंच्या तसं पुढे सरकत असेल, तर नायिका त्यात नुसती उभी आहे आणि कथा दुसरंच कोणीतरी चालवतंय. वाचकाला कणखरपणा जाणवतो तो निवडीत. समोर दोन वाटा असताना ती एक धरते, त्याची किंमत तिच्याच पदरात पडते आणि पुढचं पान त्यामुळे बदलतं. धाडस, हुशारी, राग, विनोदबुद्धी यांचा उपयोग ती निवड कशी दिसेल हे ठरवण्यापुरता.

नॉर्वेजियन नाटककार हेन्रिक इब्सेनच्या १८७९ सालच्या 'अ डॉल्स हाउस' या नाटकात शेवटी नोरा नवरा आणि मुलं मागे ठेवून घराबाहेर पडते. १८८० मध्ये जर्मनीतल्या प्रयोगासाठी इब्सेनने शेवट बदलून दिला, कारण नोराची भूमिका करणारी अभिनेत्री असं घर सोडून जाणं करायला तयार नव्हती. बदललेल्या शेवटात नवरा तिला झोपलेल्या मुलांच्या खोलीच्या दाराशी नेतो आणि ती तिथेच कोसळते. तोपर्यंतची बाई तीच आहे, तिचं सगळं बोलणंही तेच आहे. बदलली फक्त शेवटची कृती, आणि नाटक उलट्या दिशेला गेलं. खुद्द इब्सेनने या शेवटाला नाटकावरचा रानटी अत्याचार म्हटलं. 'ती निघाली' आणि 'ती कोसळली' या दोन क्रियापदांतलं अंतर डोळ्यांसमोर ठेवा. पुढे जे काही सांगितलं आहे ते त्याच अंतराबद्दल आहे.

लिहायला बसण्याआधी तीन ओळी

कागदावर तीनच ओळी लिहा. तिला काय हवं आहे. ते मिळण्याच्या आड काय येतंय. आणि कुठली गोष्ट ती एरवी कधीही करणार नाही.

पहिल्या ओळीत बहुतेकांची गल्लत होते. 'तिला स्वतःला सिद्ध करायचं आहे', 'तिला स्वातंत्र्य हवं आहे' ही वाक्यं कुठल्याही नायिकेला लागू पडतात, म्हणून ती कोणाचीच नाहीत. हवी असलेली गोष्ट इतकी ठोस असावी की ती मिळाली की नाही हे एका प्रसंगात दाखवता येईल. समजा, तुमची नायिका वसुधा धरणावर अभियंता आहे. तिची पहिली ओळ अशी लिहा: पावसाळ्याआधी सांडव्याच्या तिसऱ्या दरवाजाची दुरुस्ती तिला मंजूर करून घ्यायची आहे, कारण गेल्या वर्षी तो अर्ध्यावर अडकला होता आणि तिने तपासणी अहवालात ते लिहिलं नव्हतं. या एका ओळीत हेतू आहे, मुदत आहे आणि तिची स्वतःची चूकही आहे. दुसऱ्या ओळीत वरिष्ठ येतील, अडलेला निधी येईल आणि तिचाच जुना अहवाल येईल, ज्यात 'दरवाजे सुस्थितीत' असं तिच्या सहीने लिहिलंय. तिसरी ओळ: लेखी आदेशाशिवाय ती कुठल्याही यंत्राला हात लावत नाही. झालं, कथेने तिला कुठे नेऊन उभं करायचं हे आता तुम्हाला कळलं.

ही पहिली ओळ कथेत प्रियकर, नवरा, मूल किंवा शत्रू येण्याआधीपासून तिच्याजवळ असली पाहिजे. नायक भेटल्यानंतरच तिला काहीतरी हवंसं वाटू लागलं असेल, तर ती इच्छा नायकाच्या कथेतून उसनी आली आहे. प्रेमकथेतही हे पाळता येतं. किंबहुना प्रेमकथेत ते जास्त लागतं, कारण दोन इच्छांची टक्कर व्हायची तर आधी दोन इच्छा असाव्या लागतात.

निर्णयांचा तक्ता

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पहिला खर्डा पूर्ण झाल्यावर (आधी नको, हात आखडतो) पाच रकान्यांचा तक्ता आखा: प्रसंग, तिला त्या क्षणी काय हवंय, तिने काय निवडलं, त्यात काय गमावलं, त्यामुळे पुढच्या प्रसंगात काय बदललं. साठ हजार शब्दांची कादंबरी असेल आणि प्रसंग सरासरी १,२०० ते १,५०० शब्दांचा असेल, तर ४० ते ५० ओळी होतील. तीन-चार हजार शब्दांच्या कथेत चार ते सहा प्रसंग असतात. तिथे एक मोठा निर्णय आणि त्याकडे नेणारे दोन छोटे निर्णय पुरे.

वसुधाची एक ओळ अशी होईल. प्रसंग: रात्रीचे दोन, पाणलोट क्षेत्रात ढगफुटी, पातळी झपाट्याने चढतेय. हवंय: विसर्ग वाढवायची परवानगी. निवड: वरिष्ठांचा फोन लागत नाही, तेव्हा ती आदेशाची वाट न बघता भोंगा वाजवते, खालच्या गावांना इशारा देते आणि दोन दरवाजे उघडते. गमावलं: नदीवरचा जुना पूल वाहून जातो, चौकशी लागते आणि त्या चौकशीत गेल्या वर्षीचा अहवाल बाहेर निघतो. पुढे: दरवाजा अडकला होता हे माहीत असलेला एकमेव ऑपरेटर आता तिच्याविरुद्ध साक्षीदार आहे. ती बरोबर वागली आणि त्याच बरोबर वागण्याने तिची जुनी चूक उघडी पाडली. अशी ओळ जमली की पुढचे चार-पाच प्रसंग आपोआप दिसू लागतात.

तक्ता भरून झाला की रकाने आडवे नव्हे, उभे वाचा.

तिसरा रकाना सलग तीन प्रसंगांत रिकामा असेल, तर नायिका तिथे प्रवासी झाली आहे. हे बहुधा मधल्या एक-तृतीयांश भागात सापडतं आणि त्याचं कारण ठरलेलं असतं: लेखकाला वाचकापर्यंत माहिती पोचवायची असते, म्हणून नायिकेला ती आयती मिळत राहते. तिला दाराआडून काहीतरी ऐकू येतं, कपाटात पत्र सापडतं, कोणी वयस्क माणूस सगळं समजावून सांगतो. माहिती तीच ठेवा, पण ती मिळवायला तिला पाठवा आणि त्या मिळवण्याला किंमत लावा. वसुधाला जुनी नोंदवही हवी असेल तर ती तिच्या टेबलावर आणून ठेवू नका. भांडारातल्या माणसाकडून ती मागायला तिला लावा, आणि बदल्यात त्याच्या बदलीच्या अर्जावर शिफारस करावी लागेल असं ठेवा.

चौथा रकाना रिकामा राहत असेल तर निर्णय स्वस्तात झालाय. कणखर म्हणून लिहिलेल्या नायिका कंटाळवाण्या होतात त्या बहुतेक याच रकान्यामुळे. तिने वरिष्ठाला खडसावलं, सभा गार झाली, पुढच्या प्रसंगात सगळं सुरळीत. गमावण्याची गोष्ट मोठीच असली पाहिजे असं नाही. एखादी मैत्री थंड पडली, झोप उडाली, तिच्या शब्दाला असलेलं वजन कमी झालं, तरी चालतं. पण पुढे कधीतरी त्या गोष्टीची उणीव भासली पाहिजे.

पाचव्या रकान्यात 'काही नाही' असं लिहावं लागलं, तर तो निर्णय शोभेचा आहे. तो काढा, किंवा त्याचा परिणाम शोधा.

अंदाजासाठी काही मोजमापं. पहिला खरा निर्णय पहिल्या दहा टक्क्यांत यावा, म्हणजे साठ हजार शब्दांत सहा हजारांच्या आत. मध्यावर एक निर्णय चुकीचा असू द्या, आणि तो तिच्या स्वभावातूनच चुकलेला असू द्या, अपुऱ्या माहितीमुळे नव्हे. अर्ध्याहून अधिक प्रसंगांचं वळण तिच्या कृतीने घडावं. उरलेल्या प्रसंगांत जग तिच्यावर आदळू द्या, त्याचीही गरज असते. शेवटची गाठ सोडवणारं पाऊल तिचं असावं. मदत घेतली म्हणून ती दुबळी ठरत नाही. मात्र ती मदत तिने आधी केलेल्या कशाचं तरी फळ असावी. ऑपरेटरने शेवटी साक्ष फिरवली तर ती का फिरवली, याचं उत्तर तिच्या एखाद्या आधीच्या कृतीत हवं. त्याला अचानक उपरती झाली असेल तर तो शेवट त्याचा झाला.

वाक्यातली ती

मराठीत लिहिणाऱ्याला एक वेगळी काळजी घ्यावी लागते. आपल्या भाषेत अनुभव 'ला' लावून सांगायची सहज सोय आहे: तिला वाटलं, तिला कळलं, तिला राग आला, तिला रडू फुटलं, तिला नोकरी मिळाली, तिला उशीर झाला. ही वाक्यं सुंदर आहेत आणि चुकीची तर मुळीच नाहीत. पण पानभर ती एकामागून एक आली की नायिका अशी जागा होते, जिथे गोष्टी येऊन पडतात. 'तिचं लग्न झालं', 'तिचं शिक्षण सुटलं', 'तिच्याकडून होकार गेला' ही रचना तर कर्त्याला पूर्णपणे गायब करते.

उपाय सोपा, पण हाताने करायचा आहे. ज्या पानावर प्रसंग वळतो ते पान छापून घ्या. 'तिने' किंवा 'ती' कर्ता असलेली कृतीची क्रियापदं एका रंगाने अधोरेखित करा, 'तिला' आणि 'तिचं' वाली दुसऱ्या रंगाने. वळणाच्या पानावर दुसरा रंग जास्त दिसला तर वाक्यं पुन्हा लिहा. 'तिला राग आला' ऐवजी 'तिने फाइल मिटली आणि पेनाला टोपण लावलं.' 'तिचं शिक्षण सुटलं' ऐवजी 'तिने शाळेच्या वह्या भावाला दिल्या', किंवा खरंच कोणी सोडवलं असेल तर 'वडिलांनी तिला शाळेतून काढलं.' दुसऱ्या वाक्यात ती कर्ता नाही, पण निदान कोणी काय केलं ते लपलेलं नाही. एकांताच्या, शोकाच्या, आठवणींच्या पानांवर मात्र 'तिला' राहू द्या. तिथे भाषेचा तो मऊपणा कामाला येतो.

'तिने प्रयत्न केला', 'तिने ठरवलं', 'ती विचार करू लागली' ही क्रियापदं कृतीसारखी दिसतात, पण त्यांत काही घडत नाही. यांचा वेगळा हिशोब ठेवा.

संवादानंतरची क्रियापदंही तपासा. पुरुषपात्रं 'म्हणतात' आणि नायिका 'किंचाळते', 'पुटपुटते', 'कुजबुजते', 'उसळते' असं सगळीकडे झालेलं आढळेल. 'म्हणाली' हे वाचकाला न दिसणारं क्रियापद आहे, ते बिनधास्त वापरा.

आदरार्थी रूपांचा प्रश्न मराठीत खास आहे. एकाच हुद्द्याचे दोन अभियंते असतील आणि निवेदनात 'देशपांडे आले, त्यांनी पाहिलं' पण 'वसुधा आली, तिने पाहिलं' असं लिहिलं, तर एकही शेरा न मारता तुम्ही तिला खालच्या पायरीवर बसवलंत. दोघांनाही आडनाव आणि आदर, किंवा दोघांनाही नाव आणि एकेरी. फरक ठेवायचाच असेल तर तो कोणाच्या नजरेतून आलाय हे नक्की हवं. वरिष्ठाच्या नजरेतून लिहिलेल्या प्रकरणात ती 'वसुधा' असेल आणि तिच्या हाताखालच्या ऑपरेटरच्या प्रकरणात 'मॅडम', तर तोच फरक व्यक्तिचित्रण बनतो. प्रथमपुरुषी निवेदनात तिची बोलीही ठरवून घ्या. प्रमाणभाषेत ती 'मी गेले' म्हणेल, पण काही बोलींत बायका सहज 'मी गेलो' म्हणतात. ते वापरायचं तर पहिल्या वाक्यापासून, मधूनमधून नाही.

कसब आणि शरीर

ती ज्यात पारंगत आहे ते ती कुठे शिकली, कोणाकडून, किती काळ, आणि शिकताना काय बिघडवलं, याची उत्तरं तुमच्याकडे हवीत. त्यातली सगळी पानावर यायची गरज नाही. वाचकाला पटतं ते त्या कामातल्या माणसालाच दिसणाऱ्या एखाद्या बारकाव्याने. दरवाजा उचलणाऱ्या यंत्राचा आवाज बदलला म्हणजे एका बाजूवर जास्त भार येतोय, हे वसुधाला न पाहता कळतं. असा एक तपशील तिच्या हुशारीची दहा विशेषणं वाचवतो. त्या कामाची माहिती असलेल्या दोघांना तरी ती पानं वाचायला द्या.

शरीराला मर्यादा असू द्या. मोडलेलं हाड साधारण सहा ते आठ आठवडे घेतं. तिसऱ्या प्रकरणात हात मोडला आणि कथेतल्या दहा दिवसांनी ती दोर ओढतेय, तर वाचक तुमच्यावरचा विश्वास काढून घेतो. शेजारी दिनदर्शिका ठेवून दुखापती, झोप, पाळी, प्रवास यांच्या तारखा लिहा. कथेत यातलं फार थोडं येईल, पण जे येईल ते चुकणार नाही.

रूपाबद्दल थोडक्यात: आरशासमोर उभं करून वर्णन करू नका. पहिल्यांदा ती दिसेल तेव्हा काहीतरी करताना दिसू द्या आणि रूपाचे एक-दोनच तपशील, कथेत पुढे उपयोगी पडणारे, तिथे ठेवा.

दोष, भूतकाळ, विरोधक

दोष म्हणून धांदरटपणा, हट्टीपणा किंवा 'जास्त प्रामाणिक असणं' देऊ नका. ते दोषाच्या वेषातले गुण आहेत. खऱ्या दोषाची किंमत दुसऱ्या कोणाला तरी मोजावी लागते. वसुधाने अहवालात लिहिलं नाही, कारण तिला कटकट नको होती, आणि त्यामुळे पुलावरून जाणारी वाट तुटली. त्या वाटेवर अवलंबून असलेल्या एका तरी माणसाला नाव आणि चेहरा द्या आणि त्याच्यासमोर तिला उभं करा. तिथे तिला माफी मिळालीच पाहिजे असं नाही.

तिच्यावर भूतकाळात लैंगिक अत्याचार झाला आणि म्हणून ती कणखर झाली, ही रचना सवयीने वापरली जाते. ती घटना काढून टाकून तक्ता पुन्हा वाचा. एकही निर्णय बदलत नसेल तर ती घटना केवळ कारण पुरवायला आणली होती, आणि तिथे ती नसलेलीच बरी. ठेवायची असेल, तर घटनेपेक्षा नंतरच्या काळाला कितीतरी जास्त पानं द्या आणि अत्याचाराचं वर्णन अत्याचाऱ्याच्या नजरेतून करू नका.

विरोधकाला मूर्ख करू नका. बाईला हिणवणारं एक वाक्य बोलून तोंडावर पडणारा वरिष्ठ लिहायला सोपा असतो, पण त्याला हरवून नायिका एक इंचही वाढत नाही. लेखी आदेशाचा आग्रह धरणाऱ्या वरिष्ठाचं म्हणणं बरोबर असू द्या. पूर्वी कधीतरी आदेशाशिवाय सोडलेल्या पाण्यात माणसं गेली, हे त्याने पाहिलेलं असू द्या. वाचकाला क्षणभर त्याची बाजू पटली, की तिच्या निवडीला वजन येतं.

कथेत तिच्याशिवाय आणखी बायका हव्यात, आणि त्या एकमेकींहून वेगळं मत असलेल्या हव्यात. एकटीच बाई असली की तिच्यावर सगळ्या बायकांचं प्रतिनिधित्व येऊन पडतं आणि लेखक तिला चुकू द्यायला घाबरतो. १९८५ मध्ये अमेरिकी व्यंगचित्रकार ॲलिसन बेक्डेल यांच्या चित्रमालिकेत एक कसोटी आली: किमान दोन स्त्रिया असाव्यात, त्या एकमेकींशी बोलाव्यात आणि पुरुषाखेरीज दुसऱ्या कशाबद्दल तरी बोलाव्यात. कल्पनेचं श्रेय बेक्डेल यांनी लिझ वॉलेस या मैत्रिणीला दिलं आहे. ही कसोटी जरूर लावा, पण तिची मर्यादा ओळखून. समुद्रात एकट्या अडकलेल्या खलाशिणीची उत्तम कथा यात नापास होईल आणि दोन बायका दोन ओळी हवामानावर बोलल्या की वाईट कथाही पास होईल. म्हणून ती नायिकेपेक्षा तिच्या भोवतालासाठी वापरा.

'नायिकेच्या जागी पुरुष ठेवून पाहा' हा सल्लाही फार दिला जातो. वर्णनं आणि क्रियापदं तपासायला तो चांगला आहे: पुरुष अभियंत्याच्या ओठांचं वर्णन केलं असतं का, एवढं विचारून पाहा. पण कथानकाला तो लावू नका. तीच कृती बाईने केली की बहुतेक समाजांत किंमत वेगळी पडते. रात्री दोन वाजता तिने घेतलेल्या निर्णयाला 'घाबरली' म्हणतील आणि त्याच्या निर्णयाला 'प्रसंगावधान'. हा फरक पुसून टाकला तर चौथ्या रकान्यातला सगळ्यात मोलाचा मजकूर जातो.

वाचायला देताना

तिसऱ्या खर्ड्यानंतर तीन ते पाच जणांना द्या, त्यांत निदान दोन स्त्रिया असाव्यात आणि दोघी एका वयाच्या नसाव्यात. 'नायिका कणखर वाटली का?' असं विचारू नका. हो म्हणणं सोपं असतं. त्याऐवजी पानाच्या समासात तीन खुणा करायला सांगा: जिथे 'ती असं करणार नाही' वाटलं तिथे फुली, जिथे 'आता ती काय करेल' असा प्रश्न पडला तिथे प्रश्नचिन्ह, जिथे कंटाळा आला तिथे रेघ. सगळ्या प्रती तक्त्याशेजारी ठेवा. रेघा बहुतेक तिसरा रकाना रिकामा असलेल्या ओळींपाशी सापडतील. फुली असेल तर आधीच्या दोन प्रसंगांत त्या वागण्याची तयारी पेरायची राहिली आहे. आधी तिथे जा, लगेच तिची कृती बदलू नका. आणि प्रश्नचिन्हं असलेली पानं आता हात न लावता तशीच ठेवा.